डाव्या पंखाखाली

हिरव्या इनॅमलचे दोन डबे. एकातला अर्धासुद्धा संपला नसता.

केळीचं पान वरून गडद असतं, खालून फिकं.

"बाई, विमान उलटं करून कोण बघतंय?" शाळेतले तडवीसर म्हणाले होते.

नानांचे हवाईदलातले सोबती कुट्टीकाका दर ओणमला पालघाटहून फोन करायचे. नाना रिसीव्हर कानाला लावून नुसतं "हां... हां..." करायचे आणि ठेवून द्यायचे. काय बोलले विचारलं, तर म्हणायचे, "पाऊस चांगला झालाय तिकडं."

कंपासच्या टोकाचं भोक. बारीक, पण बुजत नाही.

"पमे, गोल मधून बाहेर काढायचा. बाहेरून आत येणारा माणूस शेवटी थरावर थर देतो." हे नानांचं.

"मी नाही करणार," नाना म्हणाले.

ते ओट्यावर बसून कुणाच्या तरी लुनाची नंबरप्लेट रंगवत होते. पिवळ्यावर काळा. भुसावळात तेव्हा सगळे रेडियमचे आकडे चिकटवून घ्यायला लागले होते, तरी चार-दोन म्हातारी माणसं अजून नानांकडे यायची. मी शाळेतून आणलेलं खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. खोक्यावर एक लढाऊ विमान ढगातून बाहेर येत होतं.

"आधी ऐका तर. आमच्या शाळेत कपाट होतंय, काचेचं. टिपणीसांचा फोटो आणि त्यांचं विमान. त्यांच्या बहिणीनं मुंबईहून खोकं पाठवलंय. नुसते प्लास्टिकचे तुकडे आहेत. जोडायचं आणि रंगवायचं."

"कोण टिपणीस?"

"नाना, माहीत आहे तुम्हाला."

त्यांनी पाचचा आकडा पुरा केला. मग कुंचला रॉकेलात बुडवला.

शरद टिपणीस आमच्या शाळेचे. वडील रेल्वेत मोठे अधिकारी. फ्लाइंग ऑफिसर झाले आणि लढाईत गेले. नाना त्याच तळावर होते, विमानांना रंग देणाऱ्या तुकडीत. एवढं मला माहीत होतं, कारण मी लहान असताना नाना एकदा जेवताना म्हणाले होते, "आमच्याकडं एक भुसावळचा साहेब होता." आईनं लगेच ताटात आमटी वाढली होती आणि बोलणं तिथेच थांबलं होतं.

"खरं विमान रंगवलेला माणूस घरात असताना बाहेरचा कायले शोधू?" मी म्हटलं. त्यांना राजी करायचं असलं की मी त्यांच्या बोलीत शिरायची.

"तू हो म्हणून आली काय?"

मी हो म्हणून आले होते. स्टाफरूममध्ये हेडमिस्ट्रेस सोहोनीबाईंनी विचारलं, रंगवणार कोण, आणि मी, चित्रकलेची बाई, उठून म्हटलं, माझे वडील. त्यांनी खरी रंगवलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आठ वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"हो," मी म्हटलं.

नाना खोक्याकडे बघत राहिले. खोकं उघडलं मात्र नाही.

सकाळी उठून पाहिलं तर ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. सगळे तुकडे परातीत ओळीनं मांडलेले.

"रंग मी आणीन," ते म्हणाले. "तू नको आणू."

संध्याकाळी ते स्टेशनरोडवरून पिशवी घेऊन आले. करडा, पांढरा, केशरी, आणि हिरव्याचे दोन डबे.

"दोन कायले?"

"हिरवा कमी पडू नाही."

"नाना, फूटभराचं विमान आहे."

"असू दे. कमी पडू नाही."

रंगवताना मात्र ते बोलायचे. मला ते आवडायचं. नाना बोलतात हे मला नवीन होतं. मी वह्या तपासत बसायची आणि ते विमानाच्या पाठीवर खडूनं नदीसारख्या रेघा ओढायचे.

"तेव्हा विमानं चांदीसारखी राहत. ऊन पडलं तं पाहता येत नव्हतं. मग लढाई लागली आणि हुकूम आला, झाका. मोठे कुंचे, झाडू, जे हाती लागंल ते. वरून पाहणाऱ्याले शेत दिसलं पाहिजे. हिरवं रान, मधी करडी जमीन."

"आणि खालून?"

"खालून आभाळ. फिकं. केळीच्या पानासारखं."

"मग आपलं विमान कोणतं, दुसऱ्याचं कोणतं, हे खालच्या माणसाला कसं कळायचं?"

त्यांचा कुंचला थांबला. मग परत चालायला लागला.

"गोल," ते म्हणाले.

गोल काढताना त्यांनी मला जवळ बोलावलं. खोक्यात तयार खुणा होत्या, पण परदेशी. आपल्या हातानंच काढाव्या लागणार होत्या. त्यांनी एक वाटी पालथी घातली, तिच्यावर विमान ठेवलं. कुंचला धरलेला हात गुडघ्यावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं वाटी फिरवली. हात हलला नाही, विमान फिरलं. मध्ये हिरवा ठिपका गरगरत मोठा झाला. तो वाळल्यावर त्याच्याभोवती पांढरं कडं, मग केशरी.

"आम्हाला शाळेत उलटं शिकवलं," मी म्हटलं. "आधी मोठा केशरी गोल भरायचा, त्याच्यावर पांढरा, त्याच्यावर हिरवा."

"तसं जल्दी होते. पण थर चढतो. मधी फुगते." त्यांनी फुंकर घातली. "माझ्या हाताले हीच सवय. हिरव्याबिगर मले सुरूच करता येत नाही."

पंखांवर दोन गोल झाले. अंगाच्या दोन्ही बाजूंना झाले. उजव्या पंखाखाली झाला. शेपटीवर झेंड्याचे पट्टे, त्याखाली आकडे. आकडे त्यांनी मला विचारले नाहीत. खोक्यातल्या कागदावर कुठेच नव्हते ते, आणि त्यांनी डोळे मिटून क्षणभर बसून ते काढले.

"झालं," ते म्हणाले. कुंचले धुतले आणि हिरव्याचे दोन्ही डबे माळ्यावर टाकले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी विमान शाळेत नेलं. स्टाफरूममध्ये सगळे भोवती जमले. इतिहासाच्या बाईंनी बोट लावलं. पीटीचे तडवीसर एनसीसीही बघायचे, त्यांनी विमान हातात घेऊन डोळ्यांसमोर धरलं, इकडून तिकडे उडवलं आणि म्हणाले, "वा बाई! वडिलांचा हात म्हणजे..." मग त्यांनी ते उलटं केलं.

"एक राहिला."

"काय?"

"हा बघा. उजव्या पंखाखाली आहे, डाव्या पंखाखाली नाही."

सगळ्यांनी माना वाकवल्या. डाव्या पंखाखाली नुसतं फिकं आभाळ होतं.

"वय झालं असेल हो वडिलांचं," सोहोनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. इतक्या हळू, की सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरायचे, मग नावं."



"जाऊ द्या ना, बाई, विमान उलटं करून कोण बघतंय?" तडवीसर म्हणाले. त्यांना माझी दया आली होती, आणि तेच मला नको होतं.

मी विमान चित्रकलेच्या खोलीत नेलं. नानांना विचारायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण ते आठवायला लागतील, गोंधळतील, मग त्यांनाच कळेल की आपण विसरलो, ते कशाला? मी कंपास घेतला, टोक पंखावर टेकवलं. केशरी गोल भरला. पंख्याखाली वाळवला. त्यावर पांढरा. त्यावर हिरवा. माझा हात काही वाईट नाही. लांबून बघितलं तर दोन्ही गोल सारखेच दिसत होते.

सकाळी नानांनी पांढरा शर्ट घातला. आईच्या माघारी ते स्वतःच इस्त्री करायचे.

"नाना, एक सांगू?"

"सांग ना."

"टिपणीसांच्या बहीण पुण्यामुंबईकडच्या आहेत. तिथं मले-तुले करू नका. कुणी काही विचारलं तर थोडक्यात सांगा."

"थोडक्यातच सांगीन," ते म्हणाले. मग एकदम, "सांगीन नाही, पमे. सांगेन. बरोबर ना?"

"बरोबर."

कुंदाताई टिपणीस बुटक्या होत्या, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. मोठं भाषण होईल म्हणून मुलांना उन्हात बसवलं होतं. त्या दोन वाक्यं बोलल्या. भाऊ ह्या शाळेत होता, त्याला गणित येत नव्हतं. मुलं हसली. कपाटावरचा पडदा निघाला. टाळ्या झाल्या. नाना शेवटच्या ओळीत उभे होते, बसले नव्हते.

चहा सोहोनीबाईंच्या खोलीत होता. तिथे त्या, कुंदाताई, तडवीसर, नाना आणि मी. सोहोनीबाईंनी ओळख करून दिली, "हे झांबरे. आमच्या बाईंचे वडील. ह्यांनीच रंगवलं. आणि बरं का, हे तुमच्या भावाच्याच तळावर होते!"

कुंदाताईंनी पहिल्यांदा नानांकडे नीट पाहिलं. "तुम्ही ओळखत होता बन्याला?"

"शरद साहेब," नाना म्हणाले. "हो."

"मी ते हातात घेऊ का?"

तडवीसर कपाटातून विमान घेऊन आले. कुंदाताईंनी पाठीवरून बोट फिरवलं. शेपटीवरचे आकडे वाचले. आणि मग, अगदी सहज, ते उलटं केलं.

"तो हेच करायचा," त्या म्हणाल्या. "खेळणं दिलं की आधी उलटं. खाली काय आहे ते बघायचं."

नाना त्यांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला.

"हा माझा नाही."

"काय झालं?" सोहोनीबाई म्हणाल्या.

"हा डावीकडचा. हा माझा नाही. मध्ये फुगलाय. थर दिलेत." त्यांनी बोट जवळ नेलं, लावलं नाही. "आणि मध्ये भोक आहे. हा कोणी काढला?"

"मी काढला, नाना," मी म्हटलं. "राहून गेला होता तुमचा."

"राहून नव्हता गेला."

"अहो काका, त्यात काय एवढं," सोहोनीबाई म्हणाल्या. "होतं असं. बिस्किट घ्या."

"तिथं नव्हता," नाना म्हणाले. "डाव्या पंखाखाली नव्हता."

खोलीतल्या लोकांनी एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मी नानांचा कोपरा धरला आणि हसत म्हटलं, "नाना, पुरे आता. चहा घ्या." शाळेत एखाद्या पोराला गप्प करताना माझा जो आवाज लागतो, तोच लागला.

नाना गप्प झाले. लगेच.

"बोलू द्या त्यांना," कुंदाताई म्हणाल्या.

तडवीसरांनी उठून दार लोटून घेतलं. बाहेर मुलांना पेढे वाटत होते, तो गलका कमी झाला.

"त्या पहाटे साहेबांचं विमान मी रंगवत होतो," नाना म्हणाले. ते कुंदाताईंकडे बघत नव्हते, विमानाकडे बघत होते. "पाठ झाली, पोट झालं. जुन्या खुणा सगळ्या रंगाखाली गेल्या, त्या परत काढायच्या होत्या. बाकीचे गोल झाले. डाव्या पंखाखालचा राहिला. म्हटलं, उजाडल्यावर काढू. उजाडायच्या आधीच बोलावणं आलं."

"मग?"

"साहेब आले. उडायच्या आधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. सगळं जागेवर आहे ना, बघतो. मी डाव्या पंखाखाली जाऊन उभा राहिलो."

"का?"

"दिसू नये म्हणून."

कुणाचा तरी चमचा बशीत पडला. माझाच असेल.

"साहेब माझ्यासमोर थांबले. मला म्हणाले, 'काय झांबरे, भुसावळची केळी कधी खिलवताय?' नेहमी विचारायचे. मी म्हटलं, 'आल्यावर, साहेब.'"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

"रागावला असता?"

"नाही. ते कुणावर रागवत नसत."

"मग?"

नानांनी डाव्या पंखाकडे पाहिलं.

"मले लाज वाटली," ते म्हणाले. "गाववाला साहेब. काम अर्धं. मले लाज वाटली."

कुंदाताईंनी विमान मांडीवर ठेवलं.

"परत येताना पडलं," नाना म्हणाले. "धुकं होतं. सरहद्दीच्या नदीच्या अलीकडे पडलं. अलीकडे..."

"अलीकडे आपल्याच तोफा होत्या. माहीत आहे मला." त्यांचा आवाज बदलला नव्हता. "आईला आम्ही पलीकडे सांगितलं. ती विचारायची, नदी ओलांडली होती का रे त्याने? आम्ही म्हणायचो, ओलांडली होती. ती जाईपर्यंत तेच सांगत राहिलो."

सोहोनीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पण काका, त्या एका गोलानं काय..."

"माहीत नाही," नाना म्हणाले. "असता तरी धुक्यात दिसला नसता. कदाचित. दिसलाही असता. मला माहीत नाही, ताई."

"यात तुमचा काय दोष, हुकूम असतो, घाई असते..." सोहोनीबाई सुरू झाल्या. कुंदाताईंनी हात थोडा वर केला. त्या थांबल्या.

नाना तसेच उभे होते, हात मांड्यांना चिकटवून, बूट जुळवून. ते सावधानमध्ये उभे आहेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तडवीसरांच्या आधीच आलं असावं. तेही उठून उभे राहिले होते.

मग कुंदाताईंनी विमान माझ्यापुढे धरलं.

"हा तुम्ही काढलात ना?"

"हो."

"पुसा."

मी चित्रकलेच्या खोलीतून टर्पेंटाइन आणि चिंधी आणली. येताना मुलं "बाई, विमान उडतं का?" विचारत मागे लागली. मी सोहोनीबाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्यांच्या समोर पुसायला लागले. आधी हिरवा निघाला. मग पांढरा. केशरी लवकर निघेना. चिंधीला लागून तो पंखभर पसरला आणि नानांनी दिलेलं आभाळही थोडं त्याच्याबरोबर निघालं. खालचं प्लास्टिक दिसायला लागलं. मधोमध भोक राहिलं. कुणी मला थांब म्हटलं नाही, आणि कुणी मदतही केली नाही. नाना खिडकीबाहेर बघत होते.

कुंदाताईंनी ते विमान स्वतः कपाटात नेऊन ठेवलं. सरळ. कुलूप सोहोनीबाईंनी लावलं.

रिक्षा आल्यावर कुंदाताई पायरीवर थांबल्या. मला वाटलं, नानांचा हात हातात घेतील, काही म्हणतील. नाना थोडे पुढेही झाले.

"बन्या केळी खात नसे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. वासही सहन व्हायचा नाही."

आणि रिक्षात बसल्या.

आम्ही पायी घरी आलो. रेल्वेचा पूल चढताना नाना मधेच थांबले, कठड्याला धरून. मला वाटलं दम लागला.

"पमे."

"काय, नाना?"

"मी तिथं 'मले' म्हणून गेलो. दोनदा."

खालून मालगाडी जात होती, फार लांब. ती संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मला बोलायला पुरेसा वेळ होता.

त्यानंतर नानांनी नंबरप्लेटीही घेतल्या नाहीत. माळ्यावरचे डबे घर रंगवताना मी खाली काढले. हिरव्यातला एक फोडलेलाच नव्हता.

पुढच्या एका ओणमला कुट्टीकाकांचा फोन मी घेतला. नाना घरी नव्हते तेव्हा. त्या पहाटे कुट्टीकाका नानांबरोबर रंग देत होते. मोडक्या हिंदीत ते मला ज्या गोष्टीबद्दल सांगत होते, ती मला ठाऊकच असणार असं त्यांना वाटत होतं.

त्या पहाटे तळावर डाव्या पंखाखालच्या गोलापुरताही हिरवा रंग उरला नव्हता. विमानांच्या पाठी झाकायला कमी पडला, म्हणून गोलांसाठी ठेवलेला शेवटचा डबाही वरून हुकूम देऊन त्यातच ओतायला लावला होता.